यंदा मनात घर केलेली गाणी

वर्ष सरत आलं की गाण्याचे शौकीन आपापल्या आवडीची यादी काढतात. मला वेड लोकसंगीताचं आणि त्याच्या खांद्यावर उभ्या राहिलेल्या रॉकचं. राहायला यवतमाळात. त्यामुळे माझ्या यादीत अल्बम कमी आणि सणवार जास्त. ऐकता ऐकता जे उमगलं, ते असं.

१. वर्षातलं सगळ्यात ताजं काव्य पोळ्याला ऐकायला मिळतं. श्रावणातल्या अमावास्येला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि गर्दीतून एकजण पुढे होऊन झडती म्हणतो. वाद्य नाही, काही नाही. चार-सहा यमकांत कापसाचा भाव, बोंडअळी, पीकविमा, पुढाऱ्यांची आश्वासनं सगळं येऊन जातं. मग महादेवाचा गजर होतो आणि दुसरा सरसावतो. धाटणी बापजाद्यांची, मजकूर यंदाचा. लोककलेला जुनी म्हणणाऱ्यानं एकदा आमच्याकडे पोळ्याला यावं.

२. वाद्य तापवणं हाही वाजवण्याचाच भाग आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगीची गाणी रंगतात. आधी काडीकचरा पेटवतात, डफाचं चामडं धगीवर फिरवतात, बोटानं टिचकी मारून कान देतात आणि मन भरलं नाही तर पुन्हा शेकतात. आवाज खणखणीत निघाला की मगच रिंगण धरतं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. हल्लीच्या फायबरच्या पानाला ही खटपट लागत नाही, सोय होते. पण शेकलेल्या चामड्याचा ठोका थेट छातीत उतरतो, आणि तो दुसऱ्या कशात सापडत नाही.

३. वाद्याला कुळ विचारू नये. गावच्या भजनात जिच्यावाचून पान हलत नाही ती पेटी मूळची युरोपची. पॅरिसच्या देबाँ यांनी १८४२ साली तिचं पेटंट घेतलं, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगं रूप दिलं. आपल्या आकाशवाणीनं तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं. गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र कधी सोडलं नाही. मिरवणुकीतला बटणांचा बेंजो आला जपानी वाद्यावरून. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. आज त्याच गाण्यांना लोक मुळातलं संगीत म्हणतात. परकं वाद्य चार पिढ्या वाजलं की घरचं होतं.

४. गाण्यात विचार असला म्हणून ठेका ढिला पडत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) एका खंजिरीवर गाव जागं करत. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेद असे विषय, आणि लोक रात्रभर डोलत. १४ एप्रिलच्या आसपास आमच्याकडे वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) भीमगीतं घुमतात. शाळेत फार न शिकलेल्या या माणसानं बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोचवला. ती गाणी ऐकताना पाय ताल धरतात आणि मान ताठ होते. निषेधाचं गाणं अमेरिकेत शोधत बसायची मला गरज वाटत नाही.

५. संगीताला भाषा नसते, हे वाक्य मला आता पटत नाही. पांढरकवडा, झरी जामणी हा तेलंगणाला लागून असलेला पट्टा गोंड आणि कोलामांचा. दिवाळीत दंडार निघते, ढोल वाजतात, मोरपिसांचे मोठे टोप डोलतात. डोळे सुखावतात. पण परधान गायक किंगरी या तंतुवाद्यावर देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात, तिथे गोंडी न येणारा माझ्यासारखा दारातच राहतो. चाल हाती येते, इतिहास निसटतो. शेजारी बसून अर्थ सांगणारा कुणी भेटला, की तेच गाणं दुप्पट मोठं होतं.

६. लोकांत बसल्याशिवाय गिटारला त्यांची चाल सापडत नाही. 'इंडियन ओशन' या बँडचा 'कंदिसा' (२०००) हा अल्बम मी यंदाही पुन्हा पुन्हा ऐकला. त्यातलं नर्मदेचं गाणं खरं वाटतं, कारण बँडमधले राहुल राम नर्मदा आंदोलनात वावरलेले आहेत. २०१० च्या 'पीपली लाइव्ह' या चित्रपटाचा विषय तर आमच्या जिल्ह्याच्या जिव्हारी लागणारा, शेतकऱ्याच्या आत्महत्येचा. त्यातलं महागाईचं गाणं रघुवीर यादवांनी एका गावच्या मंडळींना घेऊन गायलं. अशी मंडळी आमच्याकडे गावोगाव आहेत. लेंगीच्या डफाशेजारी गिटार ऐकायची माझी फार इच्छा आहे.

७. नुसत्या टाळ्यांनी दाद पुरी होत नाही. सीमेपलीकडच्या, तेलंगणातल्या मारलवाईचे कनकराजू हे मोरपिसांचा टोप घालून नाचायच्या गुसाडी नृत्याचे कलावंत; त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, २०२४ मध्ये ते गेले. असा मान एखाद्याच्याच वाट्याला येतो. आमच्या गावांत डफडं वाजवणं हे ठरावीक जातीचं काम मानलं गेलं. वाजवणारे मांडवाबाहेर आणि ऐकणारे आत. आता डीजेमुळे ते कामही हातचं चाललं आहे. तुमच्या घरी कार्य निघालं तर गावातल्या वाजवणाऱ्यांना जरूर बोलवा. ठरलेले पैसे त्याच दिवशी हातावर ठेवा, आणि जेवायला त्यांना आपल्याच पंगतीत बसवा.