रोजच्या ताटातील साखर

मधुमेह हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, अशी समजूत आपल्या वस्त्यांतून अजूनही ऐकू येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांत आपली माणसे नाहीत, असे कोण म्हणेल?

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या थोरल्या बहिणीमुळे. २०१७ साली आक्काच्या पायाच्या अंगठ्याला साधी जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. दवाखान्यातल्या खाटेवर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत होती. "भात सोडला, साखर सोडली, सगळं पाळते, तरी वाढते कशी रे?" आम्हा कोणापाशीच उत्तर नव्हते. ती काय खात होती ते नंतर नीट विचारले. दोन्ही वेळा तीन-तीन भाकरी, सोबत बटाट्याचा रस्सा आणि दिवसातून तीनदा गुळाचा चहा. गूळ आणि भाकरी चालते, असे तिला शेजारणीने सांगितले होते.

येथे थोडे शास्त्र पाहू. कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील डॉ. डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'ग्लायसेमिक इंडेक्स' ही कल्पना मांडली. कोणत्या पदार्थाने रक्तातील साखर किती वेगाने व किती चढते, याचे हे माप. शुद्ध ग्लुकोज १०० धरायचे. ५५ किंवा त्याखालील अंक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे जास्त. आंतरराष्ट्रीय कोष्टकांतील सरासरी अंक पाहिले तर पांढरा पाव सुमारे ७५, पांढरा भात ७३, उकडलेला बटाटा ७८. उलट हरभरा २८, मसूर ३२ आणि राजमा २४. नेहमीची साखर सुमारे ६५, म्हणजे पावापेक्षाही कमी! त्यामुळे 'मी साखर खात नाही, पाव-बटर खातो' असे म्हणणाऱ्याने जरा विचार करावा. गूळही मुख्यतः साखरच आहे. रंग बदलला म्हणून रक्ताला फरक कळत नाही.

परंतु नुसत्या अंकावर विसंबूनही चालणार नाही. आइस्क्रीमचा अंक कमी येतो, तो त्यातील स्निग्धांशामुळे. म्हणून ते पथ्याचे ठरत नाही. किती खाल्ले हेही मोजावे लागते. १५० ग्रॅम भातात सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असते. त्याला ७३ ने गुणून १०० ने भागले की भार येतो २९. तेवढ्याच शिजलेल्या हरभऱ्यात पिष्ट सुमारे ३० ग्रॅम, भार साधारण ८. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. आमच्यासारख्या आकड्यांत दिवस घालवणाऱ्याला तर ते फार आवडले.

फरक पडतो तो धान्याच्या रूपामुळे. दाणा अखंड असला, साल शाबूत असली, तर पचन सावकाश होते. तेच धान्य बारीक दळले किंवा गाळ होईपर्यंत शिजवले की साखर झपाट्याने चढते. म्हणून भाकरी म्हणजे मोकळा परवाना नव्हे, तीही पिठाचीच. भाकरी चांगलीच आहे, पण एक-दीड, आणि सोबत बटाटा नको, कडधान्य हवे. चिंच, आमसूल, लिंबू यांच्या आंबटपणानेही साखर चढण्याचा वेग मंदावतो. आधी उसळ-भाजी आणि मग भाकरी-भात, या क्रमाने जेवल्यासही फरक दिसतो.

आता चुलीकडे वळू. महाग ओट्स आणण्याची गरज नाही. मटकी रात्री भिजवावी, सकाळी फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड येतात. एक वाटी मोड आलेल्या मटकीला दोन चमचे तेलाची फोडणी, कांदा, लसूण, दोन आमसुले. दाणा बोटाने दाबला जावा पण फुटू नये, इतकेच शिजवावे. कुकरच्या चार शिट्ट्या करून तिचे पिठले करू नये.

आमच्या घरी सर्वांत आवडती शेंगोळी. आई करायची तशीच. दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे, त्यात लसूण, मिरची, जिरे व कोथिंबीर वाटून घालावे. घट्ट मळून करंगळीएवढ्या वळ्या कराव्यात आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटे शिजू द्याव्यात. ताटात हेच मुख्य जेवण, सोबत मुळा किंवा काकडी. गरिबीचे खाणे म्हणून आपल्या मुलांनी शेंगोळीकडे पाठ फिरवली, याचे आम्हांस वाईट वाटते.

सकाळी पोह्यांऐवजी सालीच्या मूगडाळीची धिरडी करावीत. डाळ चार तास भिजवून आले-मिरचीसह वाटावी. तांदळाचे पीठ मिसळू नये. वसतिगृहातल्या मुलांना एवढे जमणार नसेल तर मूठभर भाजलेले चणे आणि शेंगदाणे जवळ ठेवावेत. ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही त्यांनी कोकणातला उकडा तांदूळ घ्यावा, एक लहान वाटीच, त्यावर घट्ट वरण व पालेभाजी.

एक इशारा मात्र देणे भाग आहे. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवण एकदम कमी करू नये. साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कडधान्य किती घ्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे. या खाण्याने गोळ्या सुटतात असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. आक्काच्या सुटल्या नाहीत.

आम्ही तिला ग्लुकोमीटर आणून दिला. भाकरी-बटाट्यानंतर दोन तासांनी आकडा २४० च्या आसपास यायचा. दीड भाकरी आणि मटकीनंतर तो १७० च्या घरात येऊ लागला. प्रत्येकाचे शरीर निराळे, म्हणून ज्याचे त्याने मोजून पाहावे. आक्काला लिहिता-वाचता जेमतेम येते, पण आता ती कॅलेंडरवर स्वतः आकडे लिहिते. गुळाचा चहा सोडायला तिने आठ महिने घेतले. अजूनही आमच्याकडे आली की सौ.ला विचारते, "आज शेंगोळी आहे ना? नाहीतर मी जाते घरी."