मेघवनांतील पक्षिदर्शन

मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांत माँटेव्हर्डे नांवाचें डोंगरी अरण्य आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन डोंगर चढतात. वर गारठ्यानें त्याचें धुकें होतें व झाडांवरील शेवाळ तें टिपून घेतें. म्हणून यास मेघवन म्हणतात.

येथें पक्षी पाहण्यास चारपांच जणांनींच वाटाड्यामागून मुकाट्यानें जावें. धुक्यांत डोळ्यांपेक्षां कान अधिक उपयोगी पडतात. हिरव्या पाठीचा व तांबड्या पोटाचा केत्झाल पक्षी रानटी अवोकॅडोचीं फळें अख्खीं गिळतो आणि बी दूर नेऊन टाकतो. खाणारा तोच, पेरणाराही तोच! घरटें मात्र तो कुजलेल्या खोडांत करतो. यास्तव जुनें झाड तोडलें कीं त्याचें घर गेलें.

१९५१ सालीं येथें वसलेल्या अमेरिकन क्वेकर ख्रिस्ती कुटुंबांनीं झऱ्यांच्या उगमाभोंवतालचें रान न तोडतां राखलें. १९७२ सालीं येथें राखीव वन स्थापन झालें. तथापि येथील सोनेरी भेक १९८९ नंतर कोणासही दिसला नाहीं. रोग व बदलतें हवामान हीं त्याचीं कारणें मानितात. कुऱ्हाड आवरली तेवढ्यानें राखण पुरी होत नाहीं.

आपल्या ओढ्याच्या उगमाशीं कोणतीं झाडें उभीं आहेत, तें या सुटींत पाहून या.