लसणाचे विषाणूमुक्त बियाणे आणि ऊती संवर्धन

पोहरादेवी परिसरातील ज्या बागायतदारांच्या विहिरीला रब्बीत पाणी टिकते आणि जे घरचेच बियाणे ठेवून लसूण लावतात, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. खत-पाणी तेवढेच देऊनही गड्डा वर्षागणिक लहान होतो. दोष जमिनीला दिला जातो, पण पुष्कळदा तो बियाण्यात असतो.

लसणाला बी धरत नाही, पाकळीच लावावी लागते. त्यामुळे झाडातील विषाणू पाकळीतून पुढच्या पिकात उतरतात. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे, मुरडलेली पाने, खुजे झाड ही त्यांची लक्षणे. यातील प्रमुख विषाणू मावा किडीमार्फत पसरतात. पाकळ्या बुरशीनाशकात बुडविल्याने कूज आटोक्यात येते, विषाणू मात्र मरत नाही. त्यावर कोणतीही फवारणी नाही. तामिळनाडूत गड्डे लावून घेतल्या जाणाऱ्या छोट्या सांबार कांद्याचीही हीच अडचण आहे.

विषाणू झाडभर असला तरी कोंबाच्या अगदी टोकाशी, जेथे रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात, तेथे तो सहसा पोचत नाही. याच आधारे १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी डेलियाची विषाणूमुक्त रोपे मिळविली. लसणात हे टोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या पाव भागाएवढे, कापून निर्जंतुक बाटलीत क्षार, साखर व संजीवके असलेल्या माध्यमावर वाढवितात. तुकडा मोठा घेतला तर विषाणू सोबत येतो, फारच लहान घेतला तर तो जगत नाही. म्हणून प्रत्येक रोपाची एलायझासारखी चाचणी करून बाधित रोपे टाकून द्यावी लागतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ऊती संवर्धित म्हणजे विषाणूमुक्त नव्हे! रोगट झाडापासून चाचणी न करता वाढविलेली हजारो रोपे रोगटच निघतील. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊती संवर्धित रोपांसाठी प्रमाणन पद्धत सुरू केली, ती यासाठीच. माल घेताना विषाणू चाचणीचा दाखला मागावा.

बाटलीतील रोपांचे पहिले गड्डे अगदी बारीक असतात. ते कीटकरोधक जाळीत दोन-तीन हंगाम वाढवावे लागतात, म्हणून हे बियाणे महाग पडते. हेक्टरी सुमारे पाच क्विंटल पाकळ्या लागतात, तेव्हा सगळे रान त्याने लावण्याचा विचार करू नये. मिळाले तर गुंठाभर जागेत, कांदा-लसणापासून दूर, बियाण्यासाठी वेगळे लावावे. मावा दिसताच बंदोबस्त करावा. ही झाडे विषाणूला प्रतिकारक नसतात, त्यांना पुन्हा लागण होते. म्हणून काही वर्षांनी बियाणे बदलावे. उपलब्धतेची चौकशी राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात करावी.

तोपर्यंत मोठे गड्डे बाजारात आणि बारीक बियाण्याला, ही रीत सोडावी. डिसेंबर-जानेवारीत उभ्या पिकात फिरून पट्टे पडलेली झाडे उपटून नष्ट करावीत. हिरव्यागार, जोमदार झाडांना दोरा बांधून खूण करावी. त्यांचेच गड्डे पातीसह वेगळे टांगून ठेवावेत आणि ऑक्टोबरात लावणीच्या वेळीच पाकळ्या सुट्या कराव्यात.