स्टॉकब्रिज : एका मंडळीच्या गांवाची हकीकत

अमेरिका म्हटली कीं आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींच्या डोळ्यांपुढें उंच इमारतींचीं शहरें उभीं राहतात. परंतु ज्या देशांतून पहिले अमेरिकन मिशनरी ह्या किनाऱ्यावर उतरले, तो त्या काळीं मुख्यतः शेतकऱ्यांच्या लहान लहान गांवांचा देश होता. अशांपैकीं एका गांवाचा भूगोल व इतिहास ह्या पाठांत आम्ही देत आहों. हें गांव आम्हीं मुद्दाम निवडलें आहे. तें नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठीं वसविलें गेलें होतें, आणि पन्नास वर्षांच्या आंत त्यांतून तेच लोक बाहेर पडले. उपदेशक बंधूंनीं हा पाठ १ राजे ह्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायाबरोबर, म्हणजे नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीबरोबर, घ्यावा. भिंतीवर लावण्यास नकाशा नसेल तर अंगणांत कोळशानें काढावा; त्यास फार कौशल्य लागत नाहीं.

प्रथम पूर्वेस समुद्र काढावा आणि त्याच्या कांठीं बोस्टन शहर दाखवावें. तेथून पश्चिमेस सुमारें सव्वाशें मैलांवर, मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या अगदीं टोकास, बर्कशायर नांवाचे डोंगर आहेत. ते आपल्या सह्याद्रीसारखे कड्यांचे नाहींत. गोल माथ्याचे व दाट झाडीचे आहेत. त्यांच्यामधून हाउसाटॉनिक नांवाची नदी वळणें घेत दक्षिणेकडे जाते आणि सुमारें दीडशें मैल वाहून समुद्रास मिळते. त्या नांवाचा अर्थ ‘डोंगरापलीकडील जागा’ असा सांगतात. नदीच्या एका मोठ्या वळणाशीं सपाट, गाळाची, काळसर जमीन आहे. तेथेंच स्टॉकब्रिज वसलें आहे. दक्षिणेस मॉन्युमेंट माउंटन ही टेकडी असून तिच्या पायथ्याशीं पूर्वीं दगडांची एक रास होती. वाटेनें जाणारा प्रत्येक मोहिकन मनुष्य तींत एक दगड टाकून पुढें जाई. हिवाळ्यांत येथें गुडघाभर बर्फ पडतें आणि कित्येक महिने नांगर घरींच राहतो.

मोहिकन हे त्या खोऱ्याचे मूळचे रहिवासी. त्यांच्या बायका गाळाच्या जमिनींत मका, घेवडा व भोपळा एकाच उंचवट्यावर लावीत. मक्याच्या ताटावर घेवडा चढे आणि भोपळ्याच्या पानांखालीं जमीन ओली राही. थंडी सरूं लागली म्हणजे सारीं कुटुंबें रानांत जाऊन मेपल नांवाच्या झाडास खांच पाडीत, गळणारा रस भांड्यांत धरीत आणि तो आटवून साखर करीत. पुरुष शिकार करीत. गोऱ्या लोकांनीं आणलेल्या देवीच्या सांथीनें व लढायांनीं ह्या लोकांची संख्या फार घटली होती. १७२४ सालीं त्यांचा प्रमुख कोंकापॉट व त्याचे सोबती ह्यांनीं ह्याच खोऱ्यांतील फार मोठा प्रदेश इंग्रजांस विकला. किंमत काय, तर ४६० पौंड, सफरचंदाच्या मद्याचीं तीन पिंपें आणि रम दारू तीस क्वार्ट. हा आंकडा वर्गांत सांगून क्षणभर थांबावें. ज्यांच्या घरीं दारू येऊन गेली आहे त्यांस अधिक समजावून सांगावें लागणार नाहीं.

दहा वर्षांनीं, १७३४ सालीं, जॉन सार्जंट नांवाचा चोवीस वर्षांचा तरुण तेथें आला. तो येल कॉलेजांत शिकवीत असे. तें काम सोडून तो ह्या डोंगरांत राहावयास आला आणि त्याच्यामागून टिमथी वुडब्रिज हा शाळामास्तर आला. पहिला बाप्तिस्मा एबनीझर पूपूनक ह्याचा झाला. तो सार्जंटचा दुभाषी होता. पुढें कोंकापॉट व त्याची पत्नी ह्यांनींही बाप्तिस्मा घेतला. सार्जंट मोहिकन भाषा शिकला. ती त्यास जड गेली, तरी तीन-एक वर्षांत तो तींतच उपदेश करूं लागला. लोक साखरेसाठीं रानांत जात तेव्हां शाळा ओस पडे. हें दुःख आमच्या सुगीच्या दिवसांतील शिक्षकांस नवीन नाहीं. उपासनेस बोलावण्यासाठीं घंटा नव्हती. एक मोठा शंख होता, तोच फुंकीत.

१७३६ सालीं बोस्टनच्या सरकारनें ठरविलें कीं ह्या लोकांस एका ठिकाणीं गांव द्यावें: सहा मैल लांब व सहा मैल रुंद, म्हणजे तेवीस हजारांहून अधिक एकर जमीन. त्यांत सार्जंट व वुडब्रिज ह्यांस एकेक साठांश हिस्सा मिळावा आणि चार इंग्रज कुटुंबें तेथें राहावीं. शेती, घरबांधणी व ख्रिस्ती वागणूक ह्यांचा नमुना मोहिकनांस डोळ्यांसमोर दिसावा, हा त्यांत हेतु सांगितला गेला.

ही योजना मांडली गेली तेव्हां उंपाचेनी नांवाच्या दुसऱ्या प्रमुखानें कांहीं शंका काढल्या, त्या लिहून ठेवलेल्या आढळतात. इतकीं वर्षें आमची कोणीं विचारपूस केली नाहीं, मग आतांच एवढी कृपा कां, असें त्यानें विचारलें. हा धर्म इतका चांगला आहे तर तो मानणारे कित्येक इतके वाईट कां वागतात, हेंही विचारलें. आणि आमच्या मुलांच्या हातीं ही जमीन राहील ह्याची खात्री काय, अशी भीति त्यानें बोलून दाखविली. त्या मनुष्यास संशयी म्हणून बाजूस सारणें सोपें होतें. आमच्या मतें त्या सभेंत सर्वांत दूरचें पाहणारा तोच होता.

आरंभ मात्र चांगला झाला. १७३९ सालीं गांवास रीतसर सनद मिळाली, आणि पहिल्या गांवसभेंत कोंकापॉट व उंपाचेनी हे दोघे पंच निवडले गेले. त्या काळीं त्या देशांत मूळच्या रहिवाशांनीं इंग्रजांबरोबर एका सभेंत बसून मत द्यावें, ही लहान गोष्ट नव्हती. जवळच्या रानांत काम करणारा डेव्हिड ब्रेनर्ड हा १७४३ सालच्या हिवाळ्यांत वीस मैल घोड्यावरून सार्जंटकडे मोहिकन भाषा शिकावयास येई, आणि तें स्थान सोडतांना त्यानें आपल्या लोकांस स्टॉकब्रिजलाच जाण्यास सांगितलें. (ब्रेनर्डचें चरित्र वाचूनच विल्यम केरी ह्यांच्या मनांत मिशनकार्याची आस्था वाढली, त्या केरीसाहेबांनीं १८०५ सालीं श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण छापलें.) सार्जंट १७४९ सालीं वारला तेव्हां आरंभींच्या पन्नास-एक माणसांच्या जागीं गांवांत २१८ मोहिकन होते. त्रेपन्न कुटुंबांपैकीं वीस कुटुंबांनीं इंग्रजी धर्तीचीं लांकडी घरें बांधलीं होतीं.

आतां ज्या चार कुटुंबांस नमुना म्हणून आणलें होतें त्यांच्याकडे वळूं. त्यांतील प्रमुख गृहस्थ एफ्राइम विल्यम्स हा होता. त्याची मुलगी ॲबिगेल हिच्याशीं सार्जंटनें लग्न केलें. पुढें सार्जंट खालच्या सपाटींतून, जेथें मोहिकनांचीं घरें होतीं तेथून, टेकडीवर इंग्रजांच्या शेजारीं नव्या मोठ्या घरांत राहावयास गेला. तें घर आजही पाहावयास मिळतें. १९२० नंतरच्या दशकांत तें सुटें करून खालीं मुख्य रस्त्यावर आणून पुन्हां उभें केलें आहे. सार्जंटच्या भक्तीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु टेकडीवरील ओसरींतून सपाटीवरच्या माणसाचें कुंपण कोठें सरकलें हें दिसत नाहीं, आणि सरकविणारा आपला सासरा असला म्हणजे तर मुळींच दिसत नाहीं. विल्यम्सची जमीन वाढत गेली. चारांचीं कितीतरी अधिक इंग्रज कुटुंबें झालीं. मोहिकनांनीं बोस्टनला अर्ज केले. कांहीं अर्जांची चौकशी झाली, पण गेलेली जमीन क्वचितच परत आली.

सार्जंटच्या जागीं १७५१ सालीं जोनाथन एडवर्ड्स आले. त्या देशाच्या धर्मपंडितांत त्यांची गणना पहिल्या रांगेंत होते. त्यांनीं येथेंच आपले मोठे ग्रंथ लिहिले. भाषा मात्र ते शिकले नाहींत. दुभाष्याकडून उपदेश करीत. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. मोहिकन व इतर मुलांच्या शाळेसाठीं आलेला पैसा विल्यम्स घराण्याच्या हातीं कसा खर्च होतो हें पाहून त्यांनीं त्या घराण्याशीं उघड विरोध पत्करला आणि वरिष्ठांस पत्रांवर पत्रें लिहिलीं. त्यांचा मुलगा मोहिकन मुलांत खेळून वाढला, त्यांची भाषा आपल्या भाषेसारखी बोलूं लागला, आणि मोठेपणीं १७८८ सालीं त्यानें तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला.

जमीन गेली ती तलवारीनें गेली नाहीं, हें नीट लक्षांत ठेवावें. १७५० सालीं सामाईक जमिनीची वांटणी होऊन प्रत्येक मोहिकनाच्या नांवें तुकडा झाला. वरवर हा लाभच होता. परंतु मोहिकनांत जमीन विकण्याची वस्तु मानण्याची रीत नव्हती, आणि दुकानदार उधार देण्यास तयार होता. कापड उधार, अवजार उधार, दारूही उधार. आजारपण आलें कीं आणखी उधार. १७६० नंतरच्या दशकांत कर्ज फेडण्यासाठीं जमीन विकण्यास सरकारनें मोकळीक दिली, आणि मग एकेक तुकडा खात्यावरून उतरूं लागला. खरेदीखत इंग्रजींत, न्यायाधीश इंग्रज, साक्षीदार बहुधा सावकाराचाच शेजारी. सोमवारीं कागदावर सही घेणारा व सही देणारा हे दोघे रविवारीं एकाच देवघरांत बसत असत. अहाबाच्या राज्यांतही नाबोथास घालविण्यासाठीं धर्माचेंच निमित्त केलें गेलें होतें. त्या अध्यायांतील उपासाचा जाहीरनामा व पत्रांवरील शिक्का ह्यांकडे शिकणाऱ्यांचें लक्ष वेधावें. आपल्या मंडळ्यांत ज्यांच्या हातीं थोडी जमीन आहे त्यांस अंगठा देण्यापूर्वीं कागद मोठ्यानें वाचवून घेण्याची संवय लावणें हेंही उपदेशकाच्या कामांत मोडतें, असें आम्ही समजतों.

मग अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध आलें. मोहिकनांनीं आपल्या शेजाऱ्यांची बाजू घेतली. ३१ ऑगस्ट १७७८ रोजीं न्यूयॉर्कजवळ त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या घोडेस्वारांनीं घाला घातला, त्यांत डॅनियल निनहॅम व त्याचा मुलगा अब्राहाम हे इतर पुष्कळांबरोबर पडले. जिंकलेल्या पक्षाकडून लढलेले हे लोक घरीं परतले तेव्हां गांवांत त्यांची नांवाला जमीन उरली होती. १७८३ नंतर दोन-तीन वर्षांत ते न्यूयॉर्क संस्थानांत ओनायडा लोकांनीं दिलेल्या जागेवर गेले आणि त्या जागेस त्यांनीं न्यू स्टॉकब्रिज हें नांव दिलें. धाकटा जॉन सार्जंट त्यांचा पाळक म्हणून तेथें गेला. तेथेंही त्यांस राहूं दिलें नाहीं. १८२० नंतर ते आणखी पश्चिमेस, विस्कॉन्सिनांत गेले, आणि तेथल्या तेथेंही त्यांस पुन्हां हलावें लागलें. १८५६ च्या करारानें ते हल्लींच्या शवानो जिल्ह्यांत आले. त्यांच्यापैकीं इलेक्टा क्विनी ह्या बाईंनीं १८२८ सालीं विस्कॉन्सिनांतील पहिली मोफत सार्वजनिक शाळा चालविली. आज त्यांचे वंशज स्टॉकब्रिज-मन्सी ह्या नांवानें तेथें आहेत. नकाशावर ही वाट ठिपक्यांनीं दाखवावी. रेघ सारखी पश्चिमेकडेच सरकत जाते.

मागें राहिलेलें गांव पुढें भरभराटलें. १८५० सालीं आगगाडी आली, श्रीमंत लोकांनीं उन्हाळ्यासाठीं बंगले बांधले, आणि आज तेथें सुमारें दोन हजार वस्ती आहे. त्याच्या स्मशानांत एलिझाबेथ फ्रीमन ह्या बाईची कबर आहे. ती शेजारच्या शेफील्ड गांवांत गुलाम होती आणि १७८१ सालीं न्यायालयांत दावा करून स्वतंत्र झाली. तेव्हां ह्याच खोऱ्यांत, ह्याच वर्षांत, कायद्याचा कागद एका दुर्बळ बाईच्या बाजूनेंही उभा राहिला होता, हें सांगणें आम्हांस योग्य वाटतें.

आणखी एक धागा आहे, आणि तो आम्हांपर्यंत येतो. एफ्राइम विल्यम्सचा त्याच नांवाचा मुलगा १७५५ सालीं लढाईंत पडला. त्याच्या मृत्युपत्रांतील पैशांतून बर्कशायरच्या उत्तरेस शाळा निघाली व १७९३ सालीं तिचें विल्यम्स कॉलेज झालें. त्या कॉलेजांतून १८०८ सालीं गॉर्डन हॉल पदवीधर झाले. तेच १८१३ सालीं मुंबईस उतरले, मराठी शिकले, आणि १८२६ सालीं नाशिककडील दौऱ्यांत पटकीनें वारले. हॉलसाहेबांविषयीं आमचा आदर ह्यानें तिळभर कमी होत नाहीं. परंतु जें पाणी आम्ही प्यालों त्याचा झरा कोणत्या जमिनींतून आला हें न विचारणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

१७४५ सालीं लंडनहून मोहिकन मंडळीस पवित्र शास्त्राचे दोन मोठे खंड भेट आले होते. शेतें गेलीं, देवघर गेलें, तरी प्रत्येक स्थलांतरांत हे खंड पेटींत घालून त्यांनीं बरोबर नेले. १९३० च्या सुमारास ते विस्कॉन्सिनांतून पुन्हां स्टॉकब्रिजला, सार्जंटच्या त्या जुन्या घरांतील संग्रहालयांत, आणून ठेवले गेले. मोहिकनांनीं ते परत मागितले. पुष्कळ वर्षें पत्रव्यवहार चालला, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं ते खंड त्यांच्या स्वाधीन करण्यांत आले. प्रभुभोजनाचीं जुनीं पात्रें २००६ सालीं मिळालीं.