लहान समूह : घराघरांतील ख्रिस्तसभा



रविवारच्या मिस्साला आपण शेकडोंच्या संख्येने एकत्र येतो. शांतीचे चिन्ह म्हणून शेजारच्याकडे पाहून हात जोडतो. पण त्याच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाची नोकरी गेली आहे, हे आपल्याला पुष्कळदा ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी लहान ख्रिस्ती समूह आहेत.

मुळे कोठे आहेत?
आरंभीचे श्रद्धावंत घरोघरी भाकर मोडीत असत (प्रे. कृ. २:४६). प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला संत पौल आवर्जून सलाम सांगतो (रोम १६:३-५). चर्चच्या इमारती नंतर उभ्या राहिल्या. आधी घरे होती.

आपल्या काळात पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७६ साली नैरोबीच्या सभेत लहान समूहांच्या उभारणीवर भर दिला. त्याआधी, १९७५ साली, पोप सहावे पॉल यांनी असे समूह ख्रिस्तसभेचे आशास्थान ठरू शकतात असे लिहिले. मात्र त्यांनी देवशब्दावर पोसले जावे आणि स्थानिक ख्रिस्तसभेशी एकरूप राहावे, ही अट घातली. १९९० साली बांडुंग येथे आशियाच्या बिशपांनी 'समूहांचा समूह' असे ख्रिस्तसभेचे चित्र रेखाटले.

लहानच का?
खरी मैत्री एकाच वेळी पुष्कळांशी होऊ शकत नाही, कारण तिला सहवास आणि वेळ लागतो, असे तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. गर्दीत कोणी आला नाही तर कळत नाही. दहा-पंधरा घरांच्या समूहात रिकामी खुर्ची लगेच दिसते.

सात पायऱ्या
दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने शुभवर्तमान-सहभागाची सात पायऱ्यांची पद्धत दिली : प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेल्या शब्दांचा पुनरुच्चार, मौन, अनुभवकथन, कृतीचा विचार आणि उत्स्फूर्त प्रार्थना.

यातील सहावी पायरी आपण बहुधा गाळतो. वाचन होते, गायन होते, चहा होतो आणि सभा संपते. भुकेल्याला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवण्यात काय लाभ, असे संत याकोब विचारतो (याकोब २:१५-१६). म्हणून प्रत्येक सभेत एक तरी काम ठरावे, ते कोणी करायचे हेही ठरावे आणि पुढच्या सभेत त्याची विचारपूस व्हावी. आजारी वृद्धांना ख्रिस्तप्रसाद मिळावा म्हणून धर्मगुरूंना कळवणे, एखाद्याला इस्पितळात सोबत करणे, आळीत नव्याने आलेल्या भाडेकरू कुटुंबाला बोलावणे, दोन भावांतला अबोला मिटवणे : ही कामे छोटी आहेत, पण शेजाऱ्यांवाचून ती कोण करणार?

जपून राहू या
समूह म्हणजे वर्गणी गोळा करण्याची सोय नव्हे, की मोजक्या घरांची मिरासदारीही नव्हे. सभा नेहमी मोठ्या घरातच भरली, तर एका खोलीत राहणारा संकोचाने दूर राहतो. घरे आळीपाळीने घ्यावीत. तरुणांना वाचन द्यावे, स्त्रियांना नेतृत्व द्यावे. सभेत ऐकलेले कोणाचे दुःख बाहेर चर्चेचा विषय होऊ नये. विश्वास एकदा तुटला की माणसे पुन्हा मन मोकळे करीत नाहीत.

समूहात चर्चेसाठी
१. आपल्या समूहातील कोणते घर गेल्या वर्षात एकदाही आले नाही? त्याचे कारण आपण त्यांना विचारले का?
२. मागच्या सभेत ठरलेले काम पूर्ण झाले का?
३. या आठवड्यात आपण कोणाच्या दारी जाणार आहोत?

दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमतात तेथे तो असतो (मत्तय १८:२०). त्याला भेटायला आपण या आठवड्यात शेजारच्या घरी जाऊ या.