स्वस्त बोट नेमकी कुठे स्वस्त करायची

रत्नागिरीजवळ एका खाडीकाठी ताडपत्रीखाली पडून असलेली ३० फुटी शिडाची बोट मी विकत घेतली, तेव्हा तिची बॉडी तयार होती, डेक आणि कील बसलेली होती आणि पहिल्या मालकाचे पैसे संपले होते. पुरी करायला घेतलेली ती बोट शेवटी खोलावी लागली. कमी पैशांत समुद्रात जाण्याजोगी बोट बांधू पाहणाऱ्यांना मी आज जे सांगतो, ते तिला खोलताना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पैसे वाचवायचे ते बोटीच्या आकारात, मालात नाही.

त्या माणसाचे पैसे का संपले असतील, ते आधी पाहा. बॉडी उभी राहिली की बघणाऱ्याला बोट झालीच असं वाटतं. खरं तर तिथे एकूण खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा झालेला असतो. डोलकाठी, तारा, शिडं, विंच, नांगर, साखळी, इंजिन, वायरिंग हे सगळं पुढेच असतं, आणि त्यातलं बहुतेक सामान बोटीच्या वजनानुसार महागत जातं. बोट सगळ्या बाजूंनी सारखी वाढवली तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. २४ फुटांऐवजी ३० फूट घेतलेत तर लांबी पावपट वाढते, वजन मात्र जवळजवळ दुप्पट होतं. कागदावर ते सहा फूट निरुपद्रवी दिसतात.

लहान बोटीवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ‘सुहैली’चं उदाहरण देतो. ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना १९६८च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी मोठी पोलादी बोट हवी होती, पण पैसा उभा राहिला नाही आणि ते ‘सुहैली’तूनच निघाले. नऊ जण निघाले होते. कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ३१२ दिवसांनी परतले ते फक्त नॉक्स-जॉन्स्टन. वाटेत एक सांधा गळू लागला, तेव्हा पाण्याखाली बुडी मारून त्यांनी फट कापसानं भरली आणि वर तांब्याचा पत्रा ठोकला. हातातल्या अवजारांनी दुरुस्त होईल इतकी साधी बांधणी ही त्या बोटीची खरी ताकद होती. तिच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी २०१८ साली तशाच शर्यतीला निघाले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बॉडी तरंगत राहिली, आणि मदत पोहोचेपर्यंत ते तिच्या आत होते.

आता मालाकडे येतो. माझ्या बोटीच्या प्लायवूडवर आयएस ७१० चा शिक्का स्पष्ट होता. हे आपल्याकडचं मरीन प्लायचं मानक. त्यात तुकडा ७२ तास उकळून डिंक टिकतो का ते बघतात. मी तळाचा एक तुकडा कापून उकळायला ठेवला, तर थोड्याच वेळात थर सुटे झाले. तेव्हापासून शिक्क्यावर मी विश्वास ठेवत नाही. घाऊक माल घेण्याआधी एकच शीट घ्या, कोपरा कापा, उकळा, उन्हात खडखडीत वाळवा, पुन्हा उकळा. एक थर जरी उचलला तरी तो माल घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

बाहेरचं फायबर पॉलिएस्टर रेझिननं लावलेलं होतं. फायबरच्या होड्यांना ते चालतं; लाकडाला मात्र ते नीट धरून राहत नाही. एका कडेला पटाशी घातली आणि हातभर लांब पापुद्रा सहज निघून आला. आतलं लाकूड काळं, ओलं. लाकडावर इपॉक्सीच हवं, आणि कोकणात ते दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत लावायचं. दमट हवेत त्यावर मेणचट साय धरते. ती पाण्यानं धुवून काढल्याशिवाय वरचा थर चिकटत नाही. नुसत्या पॉलिश पेपरनं घासलं तर ती पसरते.

सगळ्यात जास्त घाबरलो ते कीलचे बोल्ट काढताना. दोन्ही टोकं चकचकीत स्टेनलेस. मधला भाग, जिथे बोल्ट ओल्या लाकडातून जातो, तिथे पेन्सिलीइतका बारीक झालेला. स्टेनलेस स्टीलला न गंजण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या फटीत तो मिळत नाही आणि धातू आतून कुरतडला जातो, बाहेर डागही दिसत नाही. भर समुद्रात ती कील निखळली असती तर बोट क्षणात उलटली असती. इथे सिलिकॉन ब्राँझ वापरा, महाग पडलं तरी.

केबिनमध्ये उभं राहता यावं म्हणून मूळ आराखड्यापेक्षा छप्पर वीतभर उचललेलं होतं. हा मोह फार जणांना होतो. वर चढवलेलं वजन बोटीचा सरळ होण्याचा जोर खातं. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळानं १५ खलाशी गेले, आणि त्यानंतरच्या अभ्यासातून दिसलं की रुंद, हलक्या बोटी एकदा पालथ्या झाल्या की तशाच पडून राहू शकतात. म्हणून जाणकार आराखडाकाराचे नकाशे विकत घ्या आणि त्यांतली उंची, वजनं, कीलची खोली बदलू नका. केबिनमध्ये वाकून चालणं परवडतं.

मी त्या बोटीच्या कीलचं शिसं काढून पुढे बांधायच्या २४ फुटी बोटीच्या कीलसाठी पुन्हा ओतलं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण साच्यात ओलावा राहिला तर वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं, आणि धूर व धूळ विषारी असतात. साचा आदल्या दिवसापासून तापवून कोरडा करा, काम उघड्यावर वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करा, मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

बोट पाण्यात उतरली की तिचा सरळ होण्याचा जोर तपासायला निवांत भरतीला केबिनमध्ये ओळंबा टांगा. माहीत असलेलं वजन एका काठावर ठेवा आणि ओळंबा किती सरकतो ते मोजून आराखडाकाराला कळवा. त्याच्या हिशेबाशी जुळलं तरच पहिल्या हंगामात किनाऱ्यालगत निघा. दर काही वर्षांनी बोट वर ओढाल तेव्हा कीलचा एक तरी बोल्ट काढून बघा.