खिडकीतून पाहिलेलं ‘महाभारत’ : दहावीच्या इतिहासासाठी एक उपक्रम

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पाचवा पाठ आहे ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ आणि सहावा ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’. शिक्षक मित्रांनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती जण हे पाठ मन लावून शिकवतात? मीसुद्धा कित्येक वर्षं वाचन घ्यायचं, स्वाध्याय लिहून द्यायचा आणि पुढे सरकायचं, असंच करत होते. आणि या पाठांची जिवंत साधनं तर मुलांच्या घरातच असतात, ओसरीवरच्या खाटेवर बसलेली.

या वर्षी मुलांना सांगितलं, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मोठ्या माणसाला जुन्या टीव्हीबद्दल विचारा आणि एक पान लिहून आणा. वह्या आल्या. मी उत्साहानं वाचायला बसले आणि दहाव्या वहीपर्यंत कंटाळले. सगळ्यांचं एकच. तेव्हा एकच चॅनल होतं, अँटेना फिरवावा लागायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या, ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडायचे, सगळे एकत्र बसून पाहायचे, आता ती मजा राहिली नाही. चूक काहीच नव्हतं. मी स्वतःही वर्गात अगदी हेच सांगत आले आहे. पण तीस-बत्तीस घरांची आठवण शब्दाला शब्द सारखी कशी असेल?

दोष मुलांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. ‘जुन्या टीव्हीबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस तयार गोष्ट सांगतो, लग्नात चार लोकांत सांगतो तीच. म्हणून दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलले. टीव्ही कोणाच्या घरी होता? तुम्ही कुठे बसायचे? चालू-बंद कोण करायचं? तेव्हा घरातलं कोणतं काम चालू असायचं, आणि ते कोण करत होतं? कोणता कार्यक्रम पाहायचा राहून गेला? पाच साधे प्रश्न. सोबत एक सूचना : आजी जशी बोलते तसंच लिहा, शुद्ध करू नका.

या वेळी वह्या वेगळ्या आल्या.

आधी गमतीची सांगते. एका मुलाचे आजोबा ठामपणे म्हणाले, ‘आमचा टीव्ही आम्ही रामायणासाठी घेतला, अन् त्याच टीव्हीवर कपिलदेवनं वर्ल्डकप उचलताना पाहिला.’ मुलानं तसंच लिहिलं. आम्ही फळ्यावर कालरेषा काढली. कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला २५ जून १९८३ ला. रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले १९८२ मध्ये. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. आजोबांचं गणित काही जमेना. वर्ग हसायला लागला तेव्हा मी थांबवलं. आजोबा खोटं बोलत नव्हते. मुलगा पुन्हा घरी गेला, नीट विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांना आठवत होती ‘नागपूरची मॅच’. म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८७ चा न्यूझीलंडविरुद्धचा सामना, ज्यात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली आणि गावसकरनं एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं. तोही विश्वचषकच, कर्णधारही कपिलच. दोन आठवणी एकमेकींना चिकटल्या होत्या. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे इतिहासलेखनाच्या पाठात मुलांच्या गळी उतरत नव्हतं, ते इथे अर्ध्या तासात उतरलं.

तसंच चिमण्यांच्या फिल्मचं. बऱ्याच आयांना ती आठवते. जाळ्यात अडकलेल्या चिमण्या जाळंच घेऊन उडतात, ती. कोणी तिला जाहिरात म्हटलं, कोणी कार्टून. तिचं नाव आहे ‘एक अनेक और एकता’. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ मध्ये विजया मुळे यांनी ती केली, अॅनिमेशन भीमसेन यांचं, आणि सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. म्हणजे ज्याला आपण कार्टून समजत होतो तो खरं तर धडाच होता, शिक्षणक्षेत्रातल्या एका मराठी बाईंनी रचलेला. ‘धडा असूनही लक्षात कसा राहिला?’ असं एका मुलीनं विचारलं. तो टोमणा मला होता की काय, अजून कळलं नाही.

जाहिरातींचा तास सगळ्यात रंगला. ‘हमारा बजाज’ ही १९८९ ची जाहिरात मी मोबाईलवर दाखवली. आपल्या वर्ध्याच्या मुलांना बजाजवाडी माहीत, जमनालाल बजाज माहीत, पण त्या स्कूटरचा आणि या घराण्याचा संबंध वर्गात चौघांनाच माहीत होता. चेतक म्हटलं की त्यांना आता बॅटरीवर चालणारी गाडी दिसते. मग प्रश्न : कंपनीकडे इतकी मागणी होती तर जाहिरात कशाला हवी? इथे उत्पादनावरचे परवाने, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणं आणि त्या सुमारास वाढत चाललेली मोटरसायकलची स्पर्धा, हे सगळं बोलता येतं. ‘स्कूटर चालवतंय कोण आणि मागे बसलंय कोण?’ हा प्रश्न मी विचारायच्या आधी मुलींनीच विचारला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

एका मुलीनं वही जमा करताना हळूच विचारलं, ‘मॅडम, हे वर्गात वाचायचं का?’ तिच्या आजीनं सांगितलेलं असं होतं :

‘आमाले आत कोन घेते पोरी? आमी खिडकीतून पाहो. कडेवर तुझा बाप. अर्जुन दिसे, पन किस्न नाई दिसे, तिकडच्या कोपऱ्यात बायांची डोस्की येत. जे दिसे नाई ते आयकून घेवो.’

आत का घेत नव्हते, हे मुलीनं विचारलं होतं. आजीनं दिलेलं उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द आपण सगळे ओळखतो. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ मध्ये सर्वांना खुलं केलं, हे याच मुलांना मी दरवर्षी अभिमानानं सांगते. त्यानंतर साठ वर्षांनी, इथून काही कोसांवर, ही खिडकी.

अडचण इतकीच नव्हती. ते घर ज्यांचं, त्यांचा नातू त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसतो.

मी दोन दिवस घेतले. मुलीला सांगितलं, वाचायचं की नाही हे तू आणि आजी ठरवा, नाही वाचलं तरी गुण तेवढेच. दोघींनी वाचायचं ठरवलं. गावाचं, घराचं नाव काढून टाकलं. तरी मुलाला कळलंच, गाव केवढंसं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत एक जादा पान होतं. त्यानं स्वतःच घरी विचारलं होतं. आजोबांचं उत्तर :

‘खिडकी तं उघडीच ठेवो नं आमी. कोनी बंद केली का कधी?’

खाली मुलानं एवढंच लिहिलं होतं : ‘दोन्ही खरं आहे. पण आजोबांना मी विचारलं की दार का नाही, तर ते टीव्ही लावून बसले.’

हे पान मी वर्गात वाचलं नाही. त्याची परवानगी होती, तरीही नाही. बरोबर केलं की नाही, सांगता येत नाही. तुम्ही काय केलं असतं ते जरूर कळवा. मात्र एक काळजी घ्या : असा उपक्रम घेणार असाल तर वह्या आधी स्वतः वाचा, मुलांना वर्गात थेट वाचायला लावू नका. कोणाच्या घरात टीव्ही होता आणि कोणाच्या नव्हता, हा आपल्याला गमतीचा वाटणारा प्रश्न काही घरांत दुखरा असतो.

पालकांनाही एक विनंती. हे विचारून ठेवायची वेळ आत्ताच आहे. त्या काळी चित्रफीत महाग होती, ती पुसून पुन्हा वापरायची रीत जगभर होती. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले भाग असेच पुसले. नव्वदहून अधिक भागांचं चित्र आजही सापडलेलं नाही. त्यांचा आवाज तेवढा वाचला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर तो भरून ठेवला होता. आपल्याकडे ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा पाहता येतं. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ परत लागलं तेव्हा आजच्या दहावीच्या मुलांनीही ते पाहिलं. पण ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’ शोधायला गेलं तर थोडंच हाती लागतं. आणि खिडकीबाहेर कोण उभं होतं, हे तर कोणत्याच फितीवर नव्हतं.

सगळ्यांना कामाला लावून आपण नामानिराळं राहणं बरं नाही, म्हणून तेच पाच प्रश्न घेऊन मी माझ्या आईकडे गेले. देवळी तालुक्यातल्या आमच्या घरी शटरचा काळा-पांढरा टीव्ही होता, अँटेनाचं तोंड नागपूरकडे. ‘आम्ही सगळ्यांनी एकत्र महाभारत पाहिलं’ हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले. आई म्हणाली,

‘मी कायचं पाहिलं बाई! तुमाले सकाळी पाहाचं राहे, मंग सयपाक कोन करन? मी चुलीपाशी आयको. शंखाचा आवाज आला का समजो, लागलं म्हून. द्रौपदीचं तेवढं दारात उभं राहून पाहिलं, तं पोळी जळली.’

मला त्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेली आई स्वच्छ आठवत होती. ती तिथे नव्हतीच. सतरंजीवर कोण होतं मग? ‘तुझी आत्या,’ आई म्हणाली.

शेवटचा प्रश्न मी जरा घाबरतच विचारला. आपल्या खिडकीबाहेर कोणी उभं राहायचं का? मला एकही चेहरा आठवत नव्हता. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती एकेक घर सांगत गेली, कोणाची सून, कोणाची पोरं, कोण लेकराला कडेवर घेऊन यायचं. मी लिहून घेतलं. सात घरं झाली.